उलटा मेन

"ताई, अर्धा तास द्या मला. फक्त अर्धा तास," असं म्हणत यशवंताने पिशवीतून पुठ्ठ्याचा खोका काढला आणि ओटीवर ठेवला.

"काय आहे त्यात?"

"चेंजओव्हर. काल तालुक्याला गेलो होतो, तुमच्यासाठी मुद्दाम शोधून आणलाय. चार दुकानं फिरलो."

यशवंत घाग आमच्या वाडीचा वायरमन. वादळाला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. निम्मे खांब आडवे, तारा कुणाच्या परसात, कुणाच्या विहिरीत. हा माणूस सकाळी उजाडताच बाहेर पडायचा आणि लोकांच्या शिव्या खात खांब उभे करायचा. दाढी वाढलेली, दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या.

त्याने खोका उघडून मला खटका दाखवला. "हा असा डावीकडे केला की घर लाइनीवर. उजवीकडे केला की घर जनरेटरवर. मध्ये ठेवला की कशावरच नाही. दोन्हीकडे एकदम लागूच शकत नाही, ताई. एक धरलं की दुसरं सुटतंच. मग घरातलं कुणी चुकलं, कुणी विसरलं, तरी तुमच्या जनरेटरची वीज खांबावर यायची नाही."

"मी चुकत नाही आणि विसरत नाही."

"तुम्ही नाही हो. पण ही वायर बघा." त्याने स्वयंपाकघराकडे बोट केलं. जनरेटर मागीलदारी, त्याची वायर खिडकीतून आत, आणि तिची पिन फ्रीजच्या प्लगमध्ये खोचलेली. त्या वायरीच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. चिऱ्याच्या खाणीवरून जनरेटर मागून आणला तेव्हा त्याच्याबरोबर तीच मिळाली होती. "ही वायर म्हणजे विषारी फुरसं आहे, ताई. प्लगात वीज घालते, तिथून ती अख्ख्या घरात फिरते, आणि मेन चालू राहिला तर घराबाहेर, तारांवर. मग खांबावर कोण आहे ते ती बघत नाही. ऑक्सिजनचं मशीन सरळ जनरेटरला का नाही जोडत?"

"पुढच्या खोलीपर्यंत पुरेल एवढी वायर आण, जोडते. बाजारात मिळते का विचारून ये."

गावच्या बाजारातल्या दुकानांत अजून गुडघाभर पाणी होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढच्या खोलीत नाना होते. माझे वडील. शहात्तर वर्षांचे, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असलेलं. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले, डाग देतानाचा धूर छातीत घेतला, वर विड्या ओढल्या. फुप्फुसं कामातून गेलेली. नळी काढली की दोन-तीन मिनिटांत ओठ जांभळे पडायला लागायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मशीन बंद राहिलं तर सिलिंडर लावा. सिलिंडर होता एकच, आणि त्याचा काटा पावाच्याही खाली आला होता. दुसरा दुपारपर्यंत येणार होता. म्हणजे येणार असं फक्त म्हणत होते. अकरा दिवसांत 'येणार' या शब्दाचा मला वीट आला होता.

"अर्धा तास घर बंद ठेवायचं म्हणजे नाना अर्धा तास सिलिंडरवर," मी म्हटलं. "आणि तुझा अर्धा तास म्हणजे पाऊण. तेवढं त्यात नाही, यशवंता. दुसरा सिलिंडर येऊ दे, मग बसव."

"आज मला तारामावशीकडच्या वळणावर चढायचंय. तिथली तार जोडली की तुमची बाजू ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते. म्हणून म्हणत होतो, आधी हे..."

"मेन बंद ठेवते मी. रोज ठेवते ना? भीती वाटते का तुला?"

"वाटते," तो सरळ म्हणाला. "साखळीसुद्धा नाही माझ्याकडे. ती दुसऱ्या गँगने नेलीय." चढण्याआधी तारांवर साखळी टाकून त्या एकमेकींना बांधायच्या, म्हणजे चुकून वीज आली तरी माणूस वाचतो, हे मला नंतर कळलं.

आतून नाना खोकले आणि हसले. "यशवंता, मेन बघितलास का आमचा? उलटा आहे."

"माहीत आहे, नाना. तुमच्या घरात सगळंच उलटं."

ते खरं होतं. सगळीकडे मेनचा दांडा वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. आमच्याकडे वर म्हणजे बंद. कारण मी. चार-पाच वर्षांची असताना मी स्टुलावर चढून मेनच्या दांड्याला लोंबकळायची. घरभर अंधार झाला की आई भाकरी टाकता टाकता शिव्या द्यायची, आणि मला त्याची भारी मौज वाटायची. शेवटी नानांनी मेन काढून उलटा बसवला. "आता ओढ, किती ओढायचंय ते," म्हणाले. दांडा वर ढकलायला जोर लागतो, तो माझ्यात नव्हता. पुढे रंगाचे इतके हात बसले की झाकणावरची अक्षरंही बुजली. चाळीस वर्षं आमचा हात आपोआप तसा जायचा. उलटा आहे हे आठवायचंही कारण नव्हतं.

यशवंताने जाताना स्वतः हात लावून बघितलं. दांडा वर होता, म्हणजे बंद. मग त्याने शर्टाचा खिसा थोपटला. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले फ्यूज काढून तो खिशातच ठेवायचा, म्हणजे कुणा शहाण्याने परत घालू नयेत. "तिकडून येणार नाही, हे माझ्या खिशात आहे," तो म्हणाला. "इकडून येणार नाही, हे तुमच्या हातात."

खोका ओटीवरच राहिला.

साडेदहाला बघितलं तर जनरेटरच्या टाकीत पेट्रोल तळाला गेलेलं. फार तर तासभर चाललं असतं. पेट्रोल मिळत होतं दीड मैलावर, फाट्याशी. मी शेजारच्या सुधाकरकाकांना हाक मारली. काका पंचवीस वर्षं मुंबईत एका सोसायटीचे पंप आणि लिफ्ट सांभाळत होते. निवृत्त होऊन गावी आलेले. माणूस सोन्यासारखा, पण कुठल्याही यंत्राचं नाव काढलं की "आमच्या मुंबईला" सुरू व्हायचे.

"काका, मी पेट्रोल घेऊन येते. नानांजवळ बसा. जनरेटर बंद पडलाच तर सिलिंडरची चावी अशी फिरवा, नळी इकडून काढून तिकडे. आणि मी येईपर्यंत जनरेटरला हात नाही लावायचा. लावावाच लागला तर आधी मेन बंद आहे का बघा. मेन बंद असल्याशिवाय दोरी ओढायची नाही. कळलं?"

"अगो, मला शिकवतेस? आमच्या मुंबईला..."

"कळलं का तेवढं सांगा."

"कळलं, बाय. आधी मेन बंद, मग दोरी."

एवढं सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही.

फाट्यावर रांग होती. पाच लिटरचा कॅन भरून निघाले तेव्हा बारा वाजायला आले होते. रस्त्यात झाडं आडवी, कुठे वाकून जायचं, कुठे खोडावर चढून. तारामावशीच्या वळणाशी आले. तिथून आमचं घर पाच-सात मिनिटांवर. यशवंत खांबाच्या बुडाशी बसून पाणी पीत होता.

मी थांबले, कारण काहीतरी कमी होतं. रोज या वळणापर्यंत आमच्या जनरेटरची धडधड ऐकू यायची. आज नव्हती.

"बंद झालाय," यशवंत म्हणाला. "दहा-बारा मिनिटं झाली. मला वाटलं तुम्हीच केलात."

"मी कशाला करू? पेट्रोल संपलं!" दहा-बारा मिनिटं सिलिंडरवर. त्यातही काकांनी चावी नीट फिरवली असेल तर.

"जा तुम्ही. मी चढतो. तास-दीड तासाचं काम आहे."

त्याने कमरेला पट्टा बांधला आणि चढायला लागला. मी धावायला लागले. पंधरा-वीस पावलं गेले असेन, तोच धडधड सुरू झाली. आमचाच जनरेटर. सुरुवातीला दोन आचके द्यायचा आणि मग लागायचा, तसेच दोन आचके. काकांनी कुठून पेट्रोल आणलं, देव जाणे. मी रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर टेकले. नानांच्या नाकात हवा जात होती. मला रडूच आलं. कॅन खाली ठेवला आणि वळून बघितलं.

तारामावशीच्या पडवीत एक बल्ब लोंबतो. अकरा दिवस तो काळा होता. आता तो पिवळा झाला होता. मरतुकडा, पण पेटलेला.

मावशी पडवीत पाठमोरी बसून शेंगा सोलत होती. तिने मान वळवली, बघितलं, आणि टाळ्या पिटत उठली. "आली! लाईट आली गो बाय! लाईट आली!"

आणि मी ओरडले. "यशवंता! हात लावू नको! ती माझी आहे! माझ्या घरची आहे!"

तो थिजला. तेव्हा तो तारांच्या मध्ये पोचला होता. आमच्याकडे खांबावर चार तारा असतात, एकीखाली एक. दोन तारा त्याने अंग चोरून ओलांडल्या होत्या, मेलेल्या समजून. एक त्याच्या मांडीशी होती, एक कमरेमागे, एक कानाशी. वरच्या तारेकडे गेलेला उजवा हात तसाच हवेत राहिला. तारेपासून वीतभर.

"कुठली?" त्याने खालीही न बघता विचारलं.

"मला काय माहीत कुठली! खाली ये!"

"येता येत नाही, ताई." आवाज अगदी हळू, झोपलेल्या मुलाजवळ बोलतात तसा. "खाली यायचं तर दोन तारा परत ओलांडायच्या. खिशातला टेस्टर काढायचा तर कोपर लागतो. लोखंडी खांब आहे. तुम्ही पळा. बंद करा. मी हलत नाही."

वारा होता. वादळानंतरचा तो वारा महिनाभर गेला नाही. सैल पडलेल्या तारा हलत होत्या, त्याच्या विजारीपासून चार बोटांवर येत होत्या आणि परत जात होत्या. मावशीच्या टाळ्या थांबल्या होत्या. तिने तोंडावर पदर धरला.

"मावशी, बल्बाकडे बघत राहा," यशवंत म्हणाला. "विझला की मला सांगा. आणि ताई, लवकर. माझा डावा पाय भरून यायला लागलाय."

मी पळाले. कॅन तिथेच. चपला कुठे गेल्या आठवत नाही. फोनचा उपयोग नव्हता, टॉवर पहिल्याच दिवशी पडला होता. पळता पळता जनरेटरचा आवाज जवळ येत होता आणि तो नेहमीपेक्षा जड येत होता, धापा टाकल्यासारखा. आमच्या घराचं ओझं तो रोज उचलायचा. आज त्याच्यावर मावशीचा बल्ब होता, काकांचा फ्रीज होता, आणखी कुणाकुणाचं काय काय होतं. काय झालं असेल ते मला पळतानाच कळलं. दांडा वर होता. काकांनी वर बघितला. वर म्हणजे चालू. पंचवीस वर्षं मुंबईत वर म्हणजे चालूच. "आधी मेन बंद, मग दोरी." त्यांनी माझं अक्षरशः ऐकलं होतं. दांडा खाली ओढला होता, आणि मग दोरी. काळजी घेतली नसती, तसाच जनरेटर सुरू केला असता, तर काहीच झालं नसतं.

प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता मागून मावशीची किंकाळी येणार. छातीत कळ यायला लागली. सुपारीच्या बागेशी आले, अर्धी वाट झाली, आणि धडधड थांबली.

एकदम. आचका नाही, काही नाही.

मी तिथेच थांबले. "सुटला!" मोठ्याने म्हणाले. मागून मावशीची हाकही आली, "विझला रे, विझला! उतर!" देवाचं नाव घ्यायला हात जोडले आणि जोडलेले हात तसेच राहिले. जनरेटर थांबला म्हणजे ऑक्सिजनचं मशीन थांबलं. सिलिंडरवर दहा-बारा मिनिटं आधीच गेली होती. आणि बंद केला कुणी? काकांना काही कळायचं कारण नव्हतं.

पुढची वाट मी कशी कापली, मला सांगता येत नाही.

काका आमच्या घरात नव्हतेच. दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी उभे होते, आनंदाने आणि गोंधळून. "अगो कुमुद, आमच्याकडे लाईट आली होती! हिने हाक मारली म्हणून बघायला गेलो. आता परत गेली बघ. माझ्या स्कूटरमधलं पेट्रोल काढून..."

मी त्यांना ढकलून आत गेले. ऑक्सिजनचं मशीन पिं पिं करत होतं. खाट रिकामी. नळी जमिनीवर. ओटीवरचं स्टूल मेनखाली आणून ठेवलेलं आणि आडवं पडलेलं. दांडा खालीच होता. दांड्याखालच्या भिंतीवर ओल्या बोटांचे चार ओरखडे.

"नाना!"

माजघरात नाहीत. स्वयंपाकघरात नाहीत. मागीलदारी सापडले. जनरेटरला टेकून बसलेले, मान छातीवर, एक हात बंद करायच्या बटणावर. ओठ जांभळे नव्हते, काळे होते.

काकाही मागोमाग आले. दोघांनी उचलून नानांना आत आणलं. किती हलके झाले होते. सिलिंडरची चावी फिरवली, नळी नाकात घातली. काटा तळाला टेकायला आलेला. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायला लागले. ही माझी सवयच झाली होती, रात्री उठून त्यांचे श्वास मोजायचे. एक आला. दुसरा येता येत नव्हता. "घ्या नाना, घ्या," मी म्हणत होते, लहान मुलाला घास भरवताना म्हणतात तसं. काका कोपऱ्यात उभे राहून विचारत होते, "मी काय केलं गो? मेन बंद केला होता मी. आईशपथ बंद केला होता."

यशवंत धावत आला. डाव्या पायाने लंगडत होता. काही विचारलं नाही. स्टूल उभं केलं, दोन्ही हातांनी दांडा वर ढकलला, मागीलदारी गेला. तीनदा दोरी ओढली. धडधड लागली. ऑक्सिजनचं मशीन घरघरलं. मी नळी मशीनला जोडली आणि सिलिंडरची चावी बंद केली.

पंधरा मिनिटांनी नानांनी डोळे उघडले. पहिला शब्द फुटला तो हा, "उतरला?"

"उतरलो, नाना," यशवंत म्हणाला आणि भिंतीला धरून खाली बसला. मग त्या दाढीवाल्या माणसाला असं रडू फुटलं की काका उठून बाहेर गेले.

नानांनी थांबत थांबत सांगितलं. इकडे जनरेटर लागला आणि तिकडे त्याच क्षणाला काकी ओरडली, लाईट आली. दोन्हीकडची वीज एकदम कशी येईल? म्हणजे आपलीच तारांवर गेली होती. त्यांनी काकांना हाक मारली, पण आवाजच निघेना. मग उठले. नळी मेनपर्यंत पुरत नव्हती, ती काढून टाकली. स्टुलावर चढून दांडा वर ढकलून बघितला. "ढकलवेना गो," ते म्हणाले आणि थोडे हसले. "तुझ्यासाठी केला होता. माझ्यावरच आला." मग भिंत धरत मागीलदारी.

मला तोंड वर करवेना.

"यशवंता," नाना म्हणाले, "तो खोका आण."

"आत्ता नको, नाना! सिलिंडर संपत आलाय," मी म्हटलं.

"आत्ताच."

"काटा बघा तरी! पंधरा मिनिटंसुद्धा..."

"कुमुद, तो परत चढणार आहे ना खांबावर? मग आत्ताच."

नानांपुढे माझा आवाज कधी चालला नाही. मग आम्ही तिघांनी ते काम कसं केलं ते आमचं आम्हालाच ठाऊक. आधी जनरेटर चालू ठेवूनच यशवंताने भिंतीत खुंट्या मारल्या, खटका बसवला, जोडायच्या नव्या वायरी कापून, टोकं सोलून तयार ठेवल्या. काकांनी बॅटरी धरली. मग "करा बंद" म्हणाला. नाना सिलिंडरवर. मी एका हाताने त्यांची नाडी धरलेली, डोळे काट्यावर. यशवंताच्या हातून एक स्क्रू दोनदा खाली पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा मी त्याला आईवरून शिवी दिली, ती त्याने ऐकली नाही. काटा शून्याला टेकला. नळीतली सूं सूं बारीक होत गेली. "झालं का रे? झालं का?" आणि खट्कन आवाज आला, मागून धडधड आली, मशीन घरघरलं. एकूण अकरा मिनिटं लागली. सकाळी मी ज्या अर्ध्या तासाला नाही म्हटलं होतं तो अकरा मिनिटांचा निघाला.

दोन वाजता दुसरा सिलिंडर आला. यशवंत जेवला नाही, चहा घेतला आणि परत त्याच खांबावर चढला. मी ओटीवर बसून राहिले. नानांनी आतून हाक मारली.

"ये, बस. तू ओरडलीस म्हणून वाचला, तो सांगत होता."

"हं."

"लगेच ओरडलीस ना?"

ते माझ्याकडे बघत होते. नळीमुळे मान वळत नव्हती, नुसते डोळे वळवून बघत होते.

"हो, नाना."

त्यांनी डोळे परत छताकडे वळवले. मग माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "जा, जरा पड."

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. नाना त्यानंतर दीड वर्ष काढून गेले, झोपेत, शांतपणे. त्यांनी परत कधी विचारलं नाही. यशवंत दर गणपतीला पहिला नारळ आमच्याकडे घेऊन येतो आणि आलेल्या-गेलेल्यांना तीच गोष्ट सांगतो. "ताईंच्या गळ्याने वाचलो हो मी! गिरणीवाल्या बाईचा गळा! दुसरी कुणी असती तर ऐकूसुद्धा आलं नसतं." माणसं माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी त्याच्या ताटात मोदक वाढते आणि म्हणते, "पुरे मेल्या, खा आता."

माझा गळा मोठा आहे हे खोटं नाही. आमची पिठाची गिरणी, चालू गिरणीच्या पट्ट्यावरून वाडीशी बोलणारी बाई मी. या टोकाला शिंकले तरी त्या टोकाला कळतं.

पण मावशीने मान वळवून बल्ब बघितला त्याच्या आधी मी तो बघितला होता. वळता क्षणीच. आणि तो कुणाचा उजेड आहे, ते मला त्याच क्षणी कळलं होतं, कारण ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज यशवंताच्या खिशात होते. यशवंत तेव्हा खालच्या तारेच्याही खाली होता, चांगला दोन हात खाली. नुसतं "ये" म्हटलं असतं तर उतरला असता. मी म्हटलं नाही. ओरडले तर जनरेटर बंद करावा लागेल, आणि बंद केला तर नाना, एवढंच डोक्यात होतं. मी कठड्यावर बसून नानांचे श्वास मोजले. तिथून ऐकू येत नव्हते तरी मोजले. एक. दोन. यशवंताने खालची तार ओलांडली. तीन. चार. दुसरी ओलांडली. पाच. मग मावशी ओरडली, आणि तिचं ऐकून मी ओरडले.

तिकडे घरात नानांनी एकही मोजला नव्हता.

उलटा मेन अजून भिंतीवर आहे, नानांनी काढू दिला नाही. त्याच्या शेजारी यशवंताचा चेंजओव्हर. आता घरचा जनरेटर आहे, पावसाळ्यात लाईट जातेच. भाची राहायला आली की तिला मीच शिकवते, डावीकडे लाइन, उजवीकडे जनरेटर. "मग मध्ये काय आहे, मावशी?" ती विचारते. मी सांगते, मध्ये घर कशावरच नसतं, तिथे थांबायचं नाही, सरळ पुढे न्यायचा.

ती नेते सरळ. माझा हात अजून मध्ये थांबतो. पाच मोजून होतात, मग मी तो पुढे ढकलते.